कंपवाताची रोजकीर्द मनगटावर

आमच्या वस्तीतील एक काका नगरपालिकेतून निवृत्त झालेले. आयुष्यात कधी दारूला शिवले नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला, पाऊल अडखळू लागले, बोलणे पुटपुटल्यासारखे झाले. नाक्यावरची माणसे म्हणू लागली, ‘‘म्हातारपणी प्यायला लागले वाटतं!’’ काकांनी घराबाहेर पडणेच सोडले. शेवटी आम्ही त्यांना इस्पितळात नेले, तेव्हा निदान झाले: पार्किन्सन, म्हणजेच कंपवात.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले. मेंदूच्या एका भागातील पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. त्या पेशी नष्ट होत गेल्या की हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, स्वस्थ बसले असतानाही हात थरथरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता. तो मुळापासून बरा होत नाही. परंतु लेव्होडोपा या औषधाने पुष्कळ आराम पडतो.

मात्र काही वर्षांनी एका गोळीचा अंमल दुसऱ्या गोळीपर्यंत टिकेनासा होतो. माणूस दोन तास चालता-बोलता आणि पुढचा तासभर जखडलेला! डोस जास्त झाला तर अंग आपोआप वळवळते. म्हणून कोणत्या वेळी काय होते, हे डॉक्टरांना कळणे महत्त्वाचे. इथेच आमची पंचाईत झाली. काका गोळी घेऊन रांगेत बसत आणि नंबर लागेपर्यंत गोळी लागू पडलेली असे. डॉक्टर विचारीत, ‘‘कसे आहात?’’ काका म्हणत, ‘‘बरा आहे.’’ पहाटे कूससुद्धा बदलता येत नाही, हे सांगायचे राहूनच जाई.

या अडचणीवर आता अंगावर बाळगायची यंत्रे निघाली आहेत. मेलबर्न येथे तयार झालेले ‘पीकेजी’ हे यंत्र घड्याळासारखे मनगटावर बांधतात. रुग्ण ते काही दिवस घरीच वापरतो. हालचाल केव्हा मंद झाली, अंग केव्हा वळवळले, थरथर किती होती, याची नोंद त्यात होत राहते. गोळीची वेळ झाली की ते कंप पावून आठवणही देते. पुढे त्या नोंदींचा अहवाल डॉक्टरांकडे जातो. ‘स्टॅट-ऑन’ कमरेला लावतात, तर ‘पीडीमॉनिटर’मध्ये दोन्ही मनगटे, दोन्ही घोटे आणि कंबर अशा पाच ठिकाणी यंत्रे बसवतात. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये अशा पाच यंत्रांच्या वापराला सशर्त मान्यता दिली. अट अशी, की त्यांच्या उपयोगाचा आणखी पुरावा गोळा करीत राहावे.

यंत्राला सर्व काही कळते असे मात्र नाही. बद्धकोष्ठ, उदासपणा, मनाची घालमेल त्याला दिसत नाही. ते आजार बरा करीत नाही आणि डोसही ठरवीत नाही. ते फक्त नोंद ठेवते, निर्णय डॉक्टरांचाच.

आम्ही पडलो कारकून. नोंदीचे महत्त्व आम्हाला कोणी शिकवायला नको! असले यंत्र आणणे काकांना परवडणारे नव्हते. तेव्हा आम्ही त्यांच्या सुनेला एक वही आखून दिली. गोळीची वेळ, जेवणाची वेळ, हात केव्हा थरथरला, पाय केव्हा अडकला, असे रकाने पाडले. पहाटेच्या अवस्थेचे मोबाइलवर चित्रणही करायला सांगितले. आठ दिवसांची ती रोजकीर्द डॉक्टरांनी पाच मिनिटांत वाचली आणि गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या. काका आता सकाळी स्वतःच्या हाताने चहा पितात.

वाचकहो, आपल्या घरी असा रुग्ण असेल तर आजच वही घाला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या एकाएकी बंद करू नका, त्याने जिवावर बेतू शकते. आणि रस्त्यात एखाद्या वृद्धाचा तोल जाताना दिसला, तर त्याला दारुड्या ठरवण्यापूर्वी हाताला धरून सावरा. तेवढ्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.