अडीचशे ग्रॅमचा ड्रोन आणि काकूंच्या कुरडया

गेल्या उन्हाळ्यात आमच्या लॅबमधल्या एका ज्युनियरला ड्रोनची हौस लागली. घेण्याआधी त्याने मला विचारलं होतं, "ताई, हा उडवायला लायसन्स लागतं का?" मी वजन बघितलं, २५० ग्रॅमच्या आत होतं. म्हटलं, "नाही लागत. उडव बिनधास्त."

तिसऱ्याच दिवशी तो ड्रोन शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन आदळला. आम्ही दोघं माफी मागायला गेलो. काकू कुरडयांबद्दल फारसं बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पाच मिनिटांपूर्वी मी इथेच वाकून बसले होते रे. डोक्यात पडलं असतं तर?"

ज्युनियर म्हणाला, "काकू, अडीचशे ग्रॅमपेक्षा कमी आहे, काही होत नाही." मीही मान डोलावली. परत येताना मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. "काही होत नाही" हे आम्हाला सांगितलं कुणी?

नियम काय म्हणतो?

आपल्याकडे ड्रोन नियम २०२१ लागू आहेत. त्यात वजनावरून वर्ग पाडले आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, आणि त्यावर मीडियम व लार्ज. नॅनो ड्रोनला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. हौसेसाठी, म्हणजे पैसे न घेता, मायक्रो उडवणाऱ्यालाही लागत नाही.

वजनाशिवाय जागाही बघावी लागते. डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरच्या नकाशात हिरवा, पिवळा आणि लाल असे झोन आहेत. हिरव्या झोनमध्ये १२० मीटर (४०० फूट) उंचीपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते, आणि ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळा झोन सुरू होतो. तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. लाल झोनमध्ये फक्त केंद्र सरकारच्या परवानगीने. शिवाय पोलीस ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल झोन जाहीर करू शकतात, म्हणून उडवण्याआधी दर वेळी पोर्टल तपासणं बंधनकारक आहे. कालचा स्क्रीनशॉट चालत नाही.

आणि एक कलम सगळ्यांना लागू आहे: कुणाच्याही जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल अशा रीतीने ड्रोन उडवायचा नाही. यातून नॅनोला सूट नाही. म्हणजे मी ज्युनियरला नियमाचं अर्धंच वाक्य सांगितलं होतं.

२५० ग्रॅममागचं गणित

हाच २५० चा आकडा अनेक देशांच्या नियमांत दिसतो. तो कसा काढता येतो हे समजून घ्यायला एक चांगलं उदाहरण आहे. अमेरिकेत फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने २०१५ मध्ये एक समिती नेमली. कोणत्या ड्रोनची नोंदणी सक्तीची करावी, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. समितीने आपलं गणित उघडपणे मांडलं. टप्पे असे:

१. २५० ग्रॅमची वस्तू खाली पडताना हवेच्या विरोधामुळे तिचा वेग एका मर्यादेवर स्थिरावतो. क्षेत्रफळ ०.०२ चौरस मीटर आणि हवेच्या विरोधाचा गुणांक ०.३ धरला, तर वेग येतो सेकंदाला सुमारे २५ मीटर आणि ऊर्जा सुमारे ८० ज्यूल.
२. डोक्यावर ८० ज्यूलचा आघात झाला तर मृत्यूची शक्यता ३० टक्के.
३. ड्रोन सरासरी १०० तासांत एकदा बिघडून पडतो.
४. खाली दर चौरस मैलाला १०,००० माणसं, म्हणजे चौरस किलोमीटरला साधारण ३,८६०.
५. त्यातली २० टक्केच माणसं उघड्यावर असतात.

हे सगळं गुणलं की उत्तर येतं: उड्डाणाच्या २ कोटींहून जास्त तासांत एक मृत्यू. एवढा धोका समितीला नोंदणीविना चालण्यासारखा वाटला.

आता टप्पा दोन पुन्हा वाचा. "डोक्यात पडला तर काही होत नाही" असं हे गणित म्हणतच नाही. उलट डोक्यात पडलाच तर दहापैकी तीन वेळा माणूस जाईल, असं ते गृहीत धरतं. आकडा लहान दिसतो तो डोकं सापडण्याची शक्यता कमी म्हणून.

हेच गणित आपल्या गल्लीत

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबईत दर चौरस किलोमीटरला साधारण २०,००० माणसं राहतात. बाकी काहीही न बदलता फक्त टप्पा चार बदलला, तर २ कोटी तासांचे सुमारे ४१ लाख तास होतात. चाळीच्या अंगणात, बाजारात २० टक्क्यांऐवजी ४० टक्के लोक उघड्यावर असतील, तर २० लाखांच्या आसपास.

विसर्जनाच्या मिरवणुकीवर तोच ड्रोन नेऊ. चौरस मीटरला दोन माणसं आणि सगळी उघड्यावर. उत्तर येतं सुमारे ८,३०० तासांत एक मृत्यू. मूळ उत्तरापेक्षा धोका अडीच हजार पटींनी जास्त. ड्रोनचं वजन एका ग्रॅमनेही बदललेलं नाही, बरं का.

आता दुसरी बाजूही बघायला हवी, नाहीतर आपण आपल्याला हवं तेच उत्तर काढतोय असं होईल. ०.३ हा गुणांक गुळगुळीत, गोलसर वस्तूचा आहे. चार हात पसरून गोते खात पडणाऱ्या ड्रोनला हवा जास्त अडवते. गुणांक १ धरला तर वेग सेकंदाला १४ मीटर आणि ऊर्जा फक्त २५ ज्यूल येते. म्हणजे दीड किलोचा नारळ १.७ मीटरवरून सोडल्यासारखं. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या एका गटाने २०१७ मध्ये दाखवलं की तेवढ्याच वजनाच्या लाकडी किंवा लोखंडी ठोकळ्याच्या तुलनेत ड्रोन डोक्याला कमी ऊर्जा देतो, कारण तो वाकतो, तुटतो. म्हणजे टप्पा एक आणि दोन धोका फुगवून सांगतात.

पण टप्पा तीनचं काय? इमारतींच्या दाटीत जीपीएसचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, स्लॅबमधल्या सळ्यांमुळे कंपास भरकटतो, दोन इमारतींमधून वारा अचानक जोर धरतो. आमचा ड्रोन १०० तास कुठले, तीन दिवसही टिकला नाही. शिवाय फिरत्या पात्यांनी डोळ्याला, बोटांना होणारी इजा या गणितात मुळातच नाही, तिथे फक्त मृत्यू मोजलेत.

तुमच्यासाठी हे का?

तुमच्यातले काही जण पुढे झाडं मोजायला किंवा नदीकाठ बघायला ड्रोन वापरतील. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना संशोधनासाठी टाइप सर्टिफिकेट, नोंदणी क्रमांक, पूर्वपरवानगी आणि पायलट सर्टिफिकेट यांतून सूट आहे. मात्र अट अशी की उड्डाण हिरव्या झोनमध्ये, संस्थेच्या आवारात किंवा तिच्या ताब्यातल्या मोकळ्या जागेतच हवं. शेजारची वस्ती त्यात येत नाही. अपघात झालाच तर ४८ तासांत पोर्टलवर कळवावं लागतं.

पण ड्रोनपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. संशोधनात तुम्हाला असे तयार आकडे रोज भेटतील: अमुक पीपीएमपर्यंत सुरक्षित, तमुक डेसिबलपर्यंत चालतं. आकडा सहज प्रवास करतो, त्यामागची गृहीतकं मात्र मूळ गावीच राहतात. म्हणून आकडा उचलताना तीन प्रश्न विचारा. हा कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून काढला होता? त्यात काय गृहीत धरलं होतं? आणि माझ्या जागी त्यातलं काय बदलतं? आमच्या बाबतीत "नोंदणी कुणाची करावी" या प्रश्नाचं उत्तर आम्ही "माणसाला लागेल का" या प्रश्नाला चिकटवलं होतं.

ज्युनियर आता रविवारी सकाळी सहाला, मैदान रिकामं असताना उडवतो. मी कागद घेऊन पुन्हा काकूंकडे गेले आणि सांगितलं, "काकू, त्या दिवशी आम्ही चुकीचं बोललो. लागलं असतं." त्या म्हणाल्या, "ते मला गणिताशिवाय कळलं होतं गं." आणि जाताना हातात कुरडयांची पिशवी दिली.