खाली बसवलेली गाडी वर आणताना

जुनी स्पोर्ट्स कार घेतली की आधीच्या मालकाची हौसही आपल्या पदरात पडते. माझ्या पदरात पडली ती २००१ सालची माझ्दा एमएक्स-५. निळी, दोन सीटची, छप्पर हाताने मागे टाकायची. मी कॉव्हेंट्रीजवळ राहते, त्याआधी चाकणला एका कारखान्यात शॉकअप तपासण्याच्या खात्यात होते. त्यामुळे गाडी बघायला गेले तेव्हा माझी नजर रंगावर न जाता टायर आणि फेंडरमधल्या फटीवर गेली. फट कसली, बोटसुद्धा शिरेना. आधीच्या मालकाने, पंचविशीतल्या पोराने, गाडी ‘लोअर’ करून घेतली होती. किंमतही त्यामुळेच उतरली होती. मला गाडी हवी होती, तिची ती बैठक नको होती. त्या सुमारास साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाई एकदाच तीत बसल्या आणि उतरताना म्हणाल्या, “ही गाडी म्हणायची की पाट?”

एमएक्स-५ फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली. छोट्या उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांची परंपरा तोवर जवळजवळ आटली होती, ती हिरोशिमाच्या कंपनीने पुन्हा चालू केली. २०१६ मध्ये या मॉडेलची दहा लाखावी गाडी तयार झाली. इंजिन काही फार ताकदवान नाही. वजन हजार-अकराशे किलो, इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, आणि सगळी मजा वळणावर. त्या मजेचं श्रेय बरंचसं सस्पेन्शनला जातं. चारही चाकांना वर एक आणि खाली एक असे दोन आर्म आहेत, वरचा आखूड, खालचा लांब. त्यामुळे चाक वर जातं तसा त्याचा माथा आत झुकतो आणि गाडी वळणावर कलली तरी टायर रस्त्यावर नीट टेकून राहतो.

आता ही गाडी चार-पाच सेंटिमीटर खाली बसवली की काय होतं? वळणावर जो झुकाव यायचा, तो सरळ रस्त्यावर नुसतं उभं असतानाच येतो. टायर आतल्या कडेला झिजतो. चाकांची तोंडं एकमेकांशी किती समांतर आहेत, म्हणजे ‘टो’, तेही बदलतं, आणि खरं सांगायचं तर झुकावापेक्षा टो बिघडल्याने टायर लवकर जातो. माझ्या गाडीचे मागचे दोन्ही टायर बाहेरून नव्यासारखे दिसत होते. आत हात फिरवला तर कडेला दोरे लागले.

गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती कमी कलते, असं लोअर करणारे सांगतात. ते खोटं नाही. पण चाकाला वर जायला जागा किती उरली, हे कोणी विचारत नाही. शॉकअपच्या दांड्यावर बम्प स्टॉप नावाचा फोमसारखा एक ठोकळा असतो. चाक फार वर गेलं तर तो दबतो आणि लोखंडावर लोखंड आपटू देत नाही. या गाडीत मुळातच ती जागा बेताची. ती खाऊन टाकली की गाडी स्प्रिंगवर न चालता ठोकळ्यावर चालू लागते. पोरांना तो धक्का ‘स्पोर्टी’ वाटतो. पण भर वळणात, रस्ता ओला असताना, ठोकळा दबला की त्या चाकाचा कडकपणा एकदम वाढतो आणि पकड सुटते. इथे पाऊस काही कमी नाही.

वर आणायची तर आधी मोजायला हवं. जमिनीपासून मोजलं तर टायरचा आकार आणि हवा मधे येते, म्हणून चाकाच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजायचं. ओळखीच्या एका बाईंची अशीच, पण कोणी हात न लावलेली गाडी होती. तिथे हे अंतर साडेपस्तीस सेंटिमीटर भरलं. माझ्याकडे पुढे एकतीस आणि मागे त्याहूनही कमी.

चाकं काढल्यावर मागचं कोडं सुटलं. मागच्या स्प्रिंगा ग्राइंडरने कापलेल्या होत्या. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग आखूड तर होतेच, शिवाय कडक होते. त्याहून वाईट म्हणजे कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक पूर्ण लोंबकळलं की स्प्रिंग आत सैल खुळखुळते. ती जागेवरून सरकली तर चालत्या गाडीत काय होईल, याची कल्पना न केलेली बरी.

मूळ स्प्रिंगा आणि शॉकअप मिळायला इथे त्रास पडत नाही. गाड्या लोअर करणारे लोक काढलेला माल स्वस्तात विकतात. मी जोडीने शॉकअपही घेतले, कारण आखूड स्प्रिंगांवर चाललेले जुने शॉकअप तळाशी आपटून आपटून निकामी झाले होते. बम्प स्टॉप आणि धुळीची रबरं मात्र नवीन. या कामात एका गोष्टीत चालढकल नको. कापलेली स्प्रिंग हाताने सुटून आली, पण मूळ लांब स्प्रिंग दाबल्याशिवाय बसत नाही. तिच्यात साठलेला जोर हात तोडू शकतो. चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरा, आणि स्प्रिंग दाबलेली नसताना वरचा मधला नट कधीही सोडू नका. घरी जमत नसेल तर एवढा भाग गॅरेजवाल्याकडून करून घ्या.

बोल्ट निघता निघेनात. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात, ते खालून सगळं खातं. आर्मचे अलाइनमेंटचे बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव झाले होते. आदल्या दिवशी तेल मारलं, गॅसने तापवलं, शेवटी दोन कापावे लागले. आमच्या यांचं काम टॉर्च धरायचं, आणि तो योग्य जागी क्वचितच असे.

यापुढची गोष्ट बरेच मेकॅनिक विसरतात. आर्मच्या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला पक्कं चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर धरली जाते आणि आर्म हलला की रबर पिळतं. म्हणजे ज्या उंचीवर बोल्ट आवळला, ती त्या रबराची विश्रांतीची जागा. माझ्या गाडीचे बोल्ट खाली बसलेल्या अवस्थेत आवळलेले होते. नुसत्या स्प्रिंगा बदलल्या असत्या तर तेच रबर गाडीला खाली खेचत राहिलं असतं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना आवळले तर उलटा पीळ पडतो, आणि बुश वर्ष-दोन वर्षांत फाटतात. म्हणून सगळे बोल्ट सैल करायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढे-मागे ढकलून बसू द्यायची आणि मग, वजन चाकांवर असतानाच, आवळायचे. चाकांखाली भक्कम लाकडी ठोकळे ठेवले की हात शिरायला जागा होते.

पुढे पस्तीस, मागे त्याच्या आसपास. मग सतरा इंची चाकं काढून पंधरा इंची, १९५/५० मापाचे टायर घातले, अलाइनमेंट करून घेतली आणि हेडलाइटचा झोत लावून घेतला. गाडीची बैठक बदलली की झोतही हलतो, आणि इथल्या वार्षिक तपासणीत तो बघतात. विम्याच्या अर्जातला ‘केलेले बदल’ हा रकानाही कोरा ठेवता आला.

पुण्या-मुंबईकडे पोलो, स्विफ्ट खाली बसवलेल्या दिसतात. त्यांच्या पुढच्या सस्पेन्शनला वरचा आर्मच नसतो, त्यामुळे गणित आणखी बिघडतं. फार खाली आणल्यावर ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो गुरुत्वमध्यापेक्षा भराभर खाली जातो आणि गाडी उलट जास्त कलू पाहते. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या गल्लीतला बघून घ्या. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही.

चांगला संच वापरून, शॉकअपसकट, दोन-एक सेंटिमीटर खाली आणलेल्या गाडीला मी नावं ठेवणार नाही. पण अशी जुनी गाडी घेताना मूळ स्प्रिंगा कुठे आहेत ते विचारा, टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा, चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंत टेप लावा. मूळ स्प्रिंगा नसतील तर त्यांचे, अलाइनमेंटचे आणि चार टायरचे पैसे किमतीतून वजा करून मागा. स्प्रिंग कापलेली दिसली तर ती गाडी चालवत घरी आणू नका, उचलून आणा.