आनंदवनाचे पहिले रहिवासी



मृगाच्या सरी पडल्या की तुमची पेरणीची एकच धांदल असते. असाच तो जून महिना होता, १९५१ सालचा. भूदानाची पदयात्रा करून विनोबा भावे तेलंगणातून पायी पवनारला परतत होते. वाटेत जुन्या चांदा जिल्ह्यातील वरोड्यापाशी, एका उजाड माळावर, त्यांच्या हस्ते कुष्ठरोग्यांच्या वसाहतीचा आरंभ झाला. तेच आनंदवन.

मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे आपले बाबा, हे वरोड्याचे वकील. तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी रस्त्याकडेला पावसात पडलेला पाहून ते आधी भिऊन पळाले होते. त्या भीतीचीच त्यांना लाज वाटली. मग कलकत्त्यास जाऊन ते या रोगाचे उपचार शिकून आले आणि माळावर राहायला गेले. बरोबर साधनाताई, विकास व प्रकाश ही दोन लहान मुले, सहा रोगी, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये!

जमीन पन्नास एकर, पण कशी? दगड, झुडपे, साप आणि विंचू. विहिरीवाचून शेती नाही हे तुम्हांला काय सांगावे? पण कुदळ कोणाच्या हातात होती ते पाहा. या रोगात हातापायांची संवेदना जाते. तुमच्या-आमच्या तळहाताला फोड आला की आपण हात आखडतो. त्यांना फोड आल्याचे कळतच नाही, आणि पुढे त्याचीच जखम चिघळते. असल्या हातांनी कित्येक आठवडे खणल्यावर पाणी लागले. बाबांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्या सहा जणांची नावे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

भाजीपाला पिकला, पण तो घेणार कोण? रोग्याच्या हातची भाजी म्हणून गावाने पाठ फिरवली. पीक हाती येऊनही गिऱ्हाईक नाही, यासारखे दुःख शेतकऱ्याला दुसरे नाही. पुढे १९५४च्या सुमारास देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक इमारती बांधायला तेथे येऊन राहिले, तिथलेच अन्न जेवले. ते पाहून वरोडेकरांची भीड चेपली.

तेथून मुळे पसरली. १९६७ साली मूलजवळ सोमनाथचा प्रकल्प सुरू झाला आणि तेथे भातशेती उभी राहिली. १९७३ साली भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे माडिया बांधवांसाठी लोकबिरादरी प्रकल्प निघाला. १९८२ पासून तो भाग गडचिरोली जिल्ह्यात मोडतो.

कायदा मात्र सावकाश हलला. कुष्ठरोग्यांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत धरले जात होते!

माउलींनो, रोग अजून आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून गेलेला नाही. मुलांना न्हाऊ घालताना अंगावर फिकट वा लालसर चट्टा दिसला आणि तेथे स्पर्श कळत नसला, तर लपवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळते. सहा महिने ते वर्षभर नेमाने घेतले की रोग बरा होतो, आणि वेळीच सुरू केले तर बोटेही शाबूत राहतात. त्या पहिल्या सहा जणांच्या काळी हे औषध नव्हते.

बाबा ९ फेब्रुवारी २००८ रोजी गेले, साधनाताई २०११ साली. दोघांनाही आनंदवनाच्याच मातीत ठेवले आहे.