पैसे फेकले की पोरगं घरी?

दारव्ह्याच्या बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर कुठल्या तरी बड्या माणसाच्या पोराच्या अपहरणाची बातमी वाचली जाते आणि चहा संपायच्या आत निकालही लागतो. “त्याले काय कमी हाये? पैशे फेकन अन् पोरगं घेऊन येईन. पोलिसात गेला का मात्र संपलं.” हेच मी आडतीवर ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, आणि ज्यांनी तरी जरा विचार करून बोलावं अशा मास्तर-वकिलांच्या तोंडूनही ऐकलंय. पैशानं मूल सुटतं आणि पोलिसांमुळे मरतं, असे दोन समज त्यात एकत्र बांधलेले आहेत. चीड येते ती याची, की विदर्भात राहून आपण हे बोलतो. जणू नागपूरच्या बातम्या आपल्याकडे आल्याच नाहीत.

1 सप्टेंबर 2014. नागपुरातल्या एका दंतवैद्याचा आठ वर्षांचा मुलगा शाळेतून परतल्यावर घराजवळूनच नेला गेला. सारा विदर्भ त्याला युग चांडक प्रकरण म्हणून ओळखतो. घरी फोन आला, कोट्यवधींची खंडणी मागितली गेली. दुसऱ्या दिवशी मुलाचा मृतदेह सापडला. त्याला उचलल्यानंतर काही तासांतच मारलं होतं. नेणाऱ्यांपैकी एक जण त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात पूर्वी कामाला होता. डॉक्टरांकडे पैसा होता, ओळखी होत्या, पण त्यातलं काहीही वापरायला वेळ मिळालाच नाही. सत्र न्यायालयानं 2016 मध्ये दोघांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याच वर्षी ती कायम केली, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती जन्मठेपेत बदलली; 25 वर्षं शिक्षेत सूट नाही अशी अट घालून.

त्याआधी तीनच वर्षं, ऑक्टोबर 2011 मध्ये, नागपुरातच एका व्यापाऱ्याचा मुलगा कुश कटारिया असाच गेला. तोही आठ वर्षांचा. तिथेही खंडणीचा फोन, तिथेही मुलाचा खून, आणि तिथेही गुन्हेगार ओळखीतला.

आता टपरीवरच्या न्यायाधीशांनी एवढंच सांगावं: मुलानं ज्याला ‘दादा’ किंवा ‘काका’ म्हणून हाक मारली, तो पैसे मोजून घेऊन त्या मुलाला परत कसा पाठवेल? घरी गेल्यावर पोरगं पहिलं नाव कुणाचं घेईल? नवशिक्या, ओळखीच्या अपहरणकर्त्याला खंडणी हवी असते, पण साक्षीदार नको असतो. त्याच्या लेखी मूल जिवंत ठेवणं हीच जोखीम. म्हणून तो फोनवर आकडा सांगत असतो तेव्हा त्या आकड्यामागे द्यायला माल उरलाच असेल याची खात्री नसते. बाजार समितीतल्या हर्रासात कापसाची गाडी डोळ्यांसमोर उभी असते, हात घालून बोंड पाहता येतं. इथे बाप न पाहिलेल्या गोष्टीचा भाव करत असतो.

आयुष्यभर सौदे करून मोठा झालेला माणूस नेमका इथेच फसतो. त्याला वाटतं, हाही एक व्यवहार आहे; आकडा खाली आणू, मध्यस्थ घालू, रात्रीत रोकड उभी करू. अगतिक माणसाला काहीतरी करत राहणं गरजेचं वाटतं, आणि पैसे जमवणं हे त्याला येणारं एकच काम असतं. याला मी हसत नाही. पण त्याच्या या धावपळीला गावानं शहाणपणाचं प्रशस्तिपत्र देऊ नये.

“पण परदेशात पैसे देऊन सुटतात की!” हो, काही सुटतात. विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग हा त्या काळी अमेरिकेतला सर्वांत प्रसिद्ध माणूस. 1 मार्च 1932 ला त्याचं वीस महिन्यांचं बाळ पळवलं गेलं. 2 एप्रिलला त्यानं 50 हजार डॉलर दिले. 12 मे रोजी घरापासून काही मैलांवर बाळाचा सांगाडाच म्हणावा असा मृतदेह मिळाला. पैसे दिले तेव्हा ते केव्हाच मेलेलं होतं. याउलट तेलसम्राट जे. पॉल गेटी. 1973 च्या जुलैमध्ये रोममधून त्याचा सोळा वर्षांचा नातू नेला गेला, आणि म्हाताऱ्यानं आधी साफ नकार दिला: एकाला दिले तर बाकीच्या नातवंडांवर पाळी येईल. मग पोराचा कापलेला कान टपालानं एका वर्तमानपत्राकडे आला. तेव्हा कुठे आजोबानं 22 लाख डॉलर काढले, कारण तेवढ्याचीच करसवलत मिळत होती. वरचे पैसे स्वतःच्या मुलाला चार टक्के व्याजानं उसने दिले. डिसेंबरात नातू सुटला. यातून कुणी काय शिकवण घ्यायची ते घ्यावी, पण ‘श्रीमंताला काय’ हे वाक्य तरी त्यात बसत नाही.

टपरीवरच्या समजाला खरोखर धरून असलेलं उदाहरण हाँगकाँगचं आहे, म्हणून ते लपवत नाही. 1996 मध्ये तिथला अतिश्रीमंत उद्योगपती ली का-शिंग याच्या थोरल्या मुलाला चेउंग त्झे-केउंगच्या टोळीनं उचललं. लीनं पोलिसांना कळवलं नाही. टोळीप्रमुख स्वतः घरी येऊन बोलणी करून गेला. एक अब्जाहून जास्त हाँगकाँग डॉलर दिले गेले आणि मुलगा धडधाकट परतला. झालं? पुढच्याच वर्षी त्याच टोळीनं दुसऱ्या बड्या बांधकाम घराण्यातल्या वॉल्टर क्वोकला उचललं. पुन्हा कोट्यवधी. 1998 मध्ये चीननं चेउंगला मृत्युदंड दिला तेव्हा हा सिलसिला थांबला. म्हणजे एका बापानं गुपचूप मोजलेल्या पैशांचा पुढचा हप्ता दुसऱ्या घरानं भरला.

इथे एक भेद मात्र मानायला हवा. धंदा म्हणून अपहरण करणारी टोळी माणूस जिवंत परत करते, कारण न केल्यास पुढचं गिऱ्हाईक पैसे देणार नाही. ओळखीतला कर्जबाजारी किंवा हावरा पोरगा असा पुढचा विचार करत नाही. आणि समोर यातलं कोण आहे हे घाबरलेल्या बापाला फोनवरून ओळखता येत नाही. ते ओळखण्याचं काम पोलिसांचं, म्हणून पहिला फोन त्यांना.

गुपचूप ठेवण्याची मुभा कायदाही फारशी देत नाही. खंडणीसाठी अपहरण झाल्याचं ज्याला माहीत आहे त्यानं पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना कळवावं, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 33 सांगतं. न कळवण्याचं सबळ कारण दाखवायची जबाबदारी त्याच्यावरच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हे होतंच. मग खंडणी देणारा बाप गुन्हेगार ठरतो का? नाही, भारतीय न्याय संहितेत त्याला शिक्षा करणारं कलम नाही. इटलीनं मात्र कंटाळून 1991 मध्ये असा कायदा केला की अपहृताच्या कुटुंबाची मालमत्ताच गोठवली जावी, म्हणजे द्यायला हातात काही राहूच नये.

बाकीचे समज थोडक्यात उरकतो.

“चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत.” असा नियम आपल्याकडे कधीच नव्हता. चोवीस तासांचा आकडा अमेरिकेतल्या केंद्रीय तपास यंत्रणेच्या हस्तक्षेपाशी जोडलेला आहे आणि तो सिनेमांतून इथे आला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं मे 2013 मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सांगितलंय की बेपत्ता मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरणाची शक्यता धरूनच तपास करायचा. हद्द आमची नाही हेही ठाणेदाराला म्हणता येत नाही. कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो.

“पोरं पळवणारे बाहेरचे असतात, भिक्षेकऱ्यांच्या वेषात येतात.” या एका समजापोटी 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं. नागपूरची दोन्ही प्रकरणं वर वाचलीतच. तिथे वेष बदलायची गरजच पडली नाही.

“खंडणी मागितली की फाशीच.” न्याय संहितेच्या कलम 140(2) मध्ये मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे खरी, पण अपहरण आणि मागणी एवढ्यावर ते लागत नाही, जीवे मारण्याची किंवा इजेची धमकी किंवा तशी धास्ती वाटावी असं वर्तन सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये तेलंगणातल्या एका प्रकरणात जुन्या दंड संहितेच्या कलम 364-अ बद्दल स्पष्ट केलं. आरोपी त्या कलमातून सुटला आणि साध्या अपहरणाची सात वर्षं त्याच्या वाट्याला आली. म्हणून धमकीचा फोन रेकॉर्ड झाला असेल तर तो पुसू नका, नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरवू नका. 112 लावा. हँडसेट आहे तसा पोलिसांच्या हाती द्या, आणि मुलानं सकाळी कोणते कपडे घातले होते ते आठवत असेल तोवर कागदावर लिहून ठेवा.