वलवणला निघालात? आधी टायर बघा!

शनिवारची पहाट, साडेपाच वाजलेले. निगडीच्या चौकात आम्ही दोघी, दोन सायकली आणि एक सॉलिड प्लॅन: वलवण धरणापाशी चहा, मग तुंगार्लीमार्गे थेट राजमाची. मैत्रिणीकडे कोरी करकरीत रोड बाइक, पहिल्या बोनसमधून घेतलेली. (घरी ‘बाइक घेतली’ म्हटल्यावर तिच्या बाबांनी लायसन्स काढलंस का, असं विचारलं होतं!) माझ्याकडे चार वर्षं जुनी माउण्टन बाइक.

पहिली गोष्ट, एक्स्प्रेस-वे विसरा. तिथे मोटरसायकललाही बंदी आहे, सायकल तर सोडाच. आपला रस्ता म्हणजे जुना मुंबई-पुणे हायवे. देहूरोड, सोमाटणे फाटा, तळेगाव, वडगाव, कामशेत, कार्ला आणि मग वलवण. पुण्यातून लोणावळा साधारण 65 किलोमीटर, रस्ता जवळजवळ सगळा डांबरी.

आणि डांबरावर रोड बाइकला तोड नाही, बॉस! वडगावपर्यंत मला तिची पाठसुद्धा दिसली नाही. तिचे टायर जेमतेम 28 मिलिमीटर रुंद, हवा टणक भरलेली. माझे दोन इंच रुंद, वर खडबडीत नक्षी. भरीला पुढचा शॉकअप. दर पेडलला तो खाली-वर होतो आणि तुमची अर्धी मेहनत खातो. (त्याला लॉक असेल तर हायवेवर लावून टाका. मला हे कामशेतला आठवलं.)

‘पण लोणावळा म्हणजे घाट ना?’ अनेक जण याच भीतीने जाड टायरची सायकल घेतात. खरं तर पुण्याची उंची साधारण 560 मीटर आणि लोणावळ्याची 620 च्या आसपास. मध्ये चढउतार आहेत, कामशेतच्या अलीकडे दमछाकही होते. पण खरा बोरघाट खंडाळ्यानंतर, खोपोलीकडे उतरताना लागतो. तो उतार आहे म्हणून तर टाटांनी इथल्या तलावांचं पाणी खाली नेऊन 1915 साली खोपोलीत वीजकेंद्र सुरू केलं. वलवणचं धरणही त्याच कामासाठीचं.

वलवणला पोचले तेव्हा मैत्रिणीचा दुसरा चहा चालू होता. टपरीवाल्या काकांनी तिच्या सायकलकडे बघून विचारलं, “ताई, राजमाचीला हिच्यावर? का खांद्यावर घेऊन जायची?” आम्ही हसलो.

तुंगार्लीचा चढ संपला, पुढे डांबरही संपलं. आता दगड, माती आणि पावसाने काढलेल्या घळी. उधेवाडीपर्यंत, म्हणजे राजमाचीच्या पायथ्याच्या गावापर्यंत, लोणावळ्याहून साधारण 15 किलोमीटर. माझी सायकल एकदम खुशीत, तिची मात्र थरथरत. थोड्याच वेळात फस्स! दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटली. जवळची एकुलती एक जादा ट्यूब घातली, तीही दहा मिनिटांत गेली. माझ्या ट्यूब तिच्या चाकाला बसणाऱ्या नव्हत्या. मोबाइलला रेंज नाही.

“तू जा गं पुढे, मी थांबते इथेच,” ती म्हणाली. जाता आलं असतं. पण तिला तिथे एकटीला सोडून कसलं राजमाची? दोघी सायकली ढकलत लोणावळ्याला परतलो. वाटेत ती एवढंच म्हणाली, “सगळा बोनस पाण्यात.”

पण फसली होती ती सायकल नव्हे, आमचा प्लॅन. सायकल निवडताना आपण रस्त्याचे किलोमीटर मोजतो. 65 डांबराचे, 15 दगडांचे, मग रोड बाइकच बरी! पण डांबरावर चुकीची सायकल तुम्हाला फक्त उशीर करते, दगडांवर ती तुम्हाला थांबवते. म्हणून ट्रिपमधला सगळ्यात वाईट तुकडा कोणता, ते आधी बघा आणि त्यावर सायकल ठरवा.

तुमचा फंडा कोणता?

फक्त वलवण-लोणावळा आणि परत: रोड बाइक. रोज ऑफिसलाही न्यायची असेल तर हायब्रिड. खड्ड्यांतून हाडं खिळखिळी होत नाहीत.

राजमाचीही करायचंय: माउण्टन बाइकच. हायवेवर टायरमध्ये हवा जरा जास्त ठेवा, मातीवर थोडी सोडा. हवेची मर्यादा टायरवर छापलेली असते.

आहे ती माउण्टन बाइक, पण ट्रिप डांबरावरची: नवी सायकल कशाला? गुळगुळीत टायर बसवा, फरक लगेच कळेल.

कुठलीही असो: आपल्याच मापाच्या दोन ट्यूब, पंप, हेल्मेट आणि मागचा लाल दिवा हवाच. पावसाळी धुक्यात ट्रकवाल्याला तुम्ही दिसायला हवं.

मैत्रिणीने सायकल विकली नाही. पुढच्याच महिन्यात वलवणला जाऊन आलो, ती अर्थातच पुढे. राजमाचीसाठी ती भाड्याने माउण्टन बाइक घेणार आहे. तेव्हा वडगावला आधी कोण पोचतं, ते बघूच!