छातीचा आजार आणि पोटातील सुई

फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट आपल्या वऱ्हाडात आधी उसळली. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर बंद झाले. अकोल्यातही निर्बंध आले. त्या दिवसांत वस्तीतील रुग्णांचे डबे, कागदपत्रे आणि निरोप पोहोचविताना दवाखान्याच्या फाटकाबाहेर बसलेल्या आयाबाया आम्हाला हमखास विचारीत, "भाऊ, बिमारी छातीत हाय, मंग सुई पोटात कायले देऊन राहिले?"

प्रश्न रास्त होता. पण त्या धावपळीत त्याचे उत्तर नीट द्यायला कोणाला सवड नव्हती. कोरोना असो की स्वाईन फ्लू, असे रुग्ण आजही दवाखान्यात भरती होतात, म्हणून हे लिहीत आहोत.

विषाणू फुफ्फुसात शिरला की शरीर त्याच्याशी झुंजते. या झुंजीत रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर सुजते आणि रक्त गोठण्याची क्रिया नको तेवढी जोर धरते. त्यात रुग्ण आठ-आठ दिवस खाटेवर पडून असतो, पायातील रक्त संथ होते आणि तेथे गुठळी धरते. ती सुटून फुफ्फुसात अडकली तर प्राणवायू लावूनही दम भरत नाही. मेंदूच्या वाहिनीत गुठळी झाली तर लकवा, हृदयाच्या वाहिनीत झाली तर झटका. कित्येक घरांत "सुधारत होते आणि अचानक गेले" असे ऐकले, त्यातील काहींमागे हीच गुठळी असावी.

२०२० मध्ये कोरोनाने मृत्यू पावलेल्या ७ जणांची आणि फ्लूने गेलेल्या ७ जणांची फुफ्फुसे संशोधकांनी तपासली. कोरोनाच्या फुफ्फुसांतील बारीक वाहिन्यांत गुठळ्या ९ पट अधिक निघाल्या. नमुने थोडे होते, पण डॉक्टर सावध झाले. हॉलंडमध्ये अतिदक्षता विभागातील १८४ रुग्णांपैकी जवळपास ३१ टक्क्यांना असा त्रास झाल्याचे त्याच वर्षी दिसले.

पोटातील सुई ती याचसाठी. तिच्यात हेपॅरिन जातीचे औषध असते. १९१६ साली अमेरिकेत जे मॅक्लीन नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतावर काम करताना रक्त गोठू न देणारा पदार्थ सापडला, तेथून या औषधाची सुरुवात झाली. पोटाच्या कातडीखाली चरबी असते, तेथून औषध हळूहळू रक्तात जाते. सुईच्या जागी थोडे काळेनिळे पडले तर घाबरू नये.

मात्र जास्त औषध म्हणजे जास्त फायदा, असे नाही. २०२१ च्या मोठ्या चाचण्यांत मध्यम आजारी रुग्णांना पूर्ण मात्रेचा लाभ झाला, अत्यवस्थ रुग्णांना झाला नाही. ॲस्पिरिनची चाचणी ब्रिटनमध्ये सुमारे १५ हजार रुग्णांवर झाली, तिच्यामुळे मृत्यू कमी झाले नाहीत. तरीही त्या काळात घरीच असलेल्या, साध्या तापाच्या माणसांनी डी-डायमरची तपासणी पुन्हा पुन्हा करून मजुरीचा पैसा घालविला आणि दुकानातून रक्त पातळ करण्याच्या गोळ्या आणून खाल्ल्या. याची आम्हाला आजही चीड येते. तापात, न्यूमोनियात, गरोदरपणातही डी-डायमर वाढते. आणि गोळीने पोटात रक्तस्राव झाला तर कोण धावणार?

आपल्या घरांसाठी एक गोष्ट विशेष. विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. या आजारात रक्त गोठण्याचा धोका मुळातच जास्त असतो. म्हणून भरती करतानाच रुग्णाचे सिकलसेलचे कार्ड दाखवा. पूर्वी पायात गुठळी झाली असेल, घरची बाई गरोदर असेल किंवा पाळणा लांबविण्याच्या गोळ्या घेत असेल, अल्सर वा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर तेही लाज न बाळगता सांगा.

सुट्टी झाली म्हणजे धोका संपला असे समजू नये. स्वीडनमध्ये १० लाखांहून अधिक कोरोनाबाधितांची नोंद तपासली गेली. पायातील गुठळीचा धोका ३ महिने आणि फुफ्फुसातील गुठळीचा ६ महिने वाढलेला दिसला. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, किंवा अचानक दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. तोंड वाकडे झाले, हातातील बळ गेले, तरी तेच.

रुग्ण खाटेवर असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर त्याला पाय हलवायला, पंजे वरखाली करायला लावा, पाणी पाजा. घरी गोळ्या दिल्या असतील तर त्या किती दिवस घ्यायच्या ते सुट्टीच्या कार्डावर लिहून घ्या. दात काढायला गेलात तरी ते कार्ड आधी दाखवा.