ग्रंथपालांचे परस्परज्ञान आणि वाङ्मयाचा अभ्यास

ग्रंथालयाची तालिका ग्रंथ कोठे आहे, हे सांगते. परंतु त्या ग्रंथाचे नाते अन्य कोणत्या ग्रंथांशी आहे, हे पुष्कळदा वर्षानुवर्षे ग्रंथांत वावरलेल्या ग्रंथपालालाच ठाऊक असते. हे ज्ञान सहसा लिहून ठेवले जात नाही. तो सेवानिवृत्त झाला, की ते त्याच्यासमवेत ग्रंथालयाबाहेर जाते. तौलनिक वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही हानी विशेष जाणवते.

छत्तीसगढचेच उदाहरण घेऊ. १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषी होते. 'दासबोध' आणि लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' त्यांनी हिंदीत आणले. समजा, रायपूरजवळच्या अभनपूरसारख्या गावी यांतील एखादा अनुवाद हिंदी धर्मग्रंथांत दाखल झाला आणि मूळ ग्रंथ पुण्यात मराठी विभागात राहिला, तर दोन्ही तालिका अचूक असूनही दोन वाङ्मयांना जोडणारा दुवा त्यांत दिसणार नाही. तो दिसावयाचा, तर दोन्हीकडील ग्रंथपालांत विचारविनिमय हवा.

अशा विनिमयाची परंपरा आपल्याकडे नवी नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास पाचारण केले. १९११ मध्ये तेथे ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू झाला आणि १९१२ मध्ये 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक निघाले. त्यात इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी मजकूरही असे. वर्गात शिकविलेली तंत्रे महत्त्वाची खरीच. परंतु एका वाचनालयाचा अनुभव दुसऱ्यास त्याच्या भाषेत कळावा, ही दृष्टी अधिक मोलाची होती.

विखुरलेली माहिती एकत्र आली म्हणजे काय साधते, हे शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'वरून कळते. १९४३ च्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि १९६१ च्या दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथांची नोंद आहे. अर्वाचीन मराठी वाङ्मयाच्या इतिहासकाराला तिच्यावाचून पाऊल टाकणे कठीण आहे.

तथापि सूची ग्रंथांची नोंद करते, ग्रंथपालाच्या जाणकारीची नव्हे. म्हणून प्रत्येक अनुवादाच्या नोंदीत मूळ ग्रंथ, मूळ भाषा व अनुवादकाचे नाव लिहावे, वाचकांनी विचारलेले अवघड प्रश्न व त्यांची उत्तरे एका वहीत उतरवावीत आणि ती वही शेजारच्या ग्रंथालयांतूनही फिरवावी. याला खर्च फारसा नाही. मात्र नव्याने रुजू होणाऱ्या ग्रंथपालास पूर्वसूरींचा अनुभव पहिल्याच दिवशी हाती लागेल आणि अभ्यासकास दोन भाषांमधील वाट सापडेल.